माणसाचं मन संगणकात ठेवता येईल का?



असा एखादा सिनेमा तुम्ही नक्की पाहिला असेल. एक मोठा शास्त्रज्ञ मरणाच्या दारात आहे. त्याच्या डोक्याला वायरी लावतात, संगणकावर आकडे धावतात, इकडे माणूस मरतो आणि तिकडे पडद्यावर त्याचा चेहरा उमटून तो बायकोशी बोलायला लागतो. २०१४ साली आलेला ‘ट्रान्सेंडन्स’ नावाचा इंग्रजी सिनेमा साधारण असाच होता. सिनेमा म्हणून ठीक आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत मोबाइलमधला एआय बोलायला लागल्यापासून हा प्रश्न सिनेमातून माझ्या ओपीडीत आला आहे. तरुण मुलं गमतीने विचारतात. ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, ते मात्र गमतीने विचारत नाहीत.

म्हणून आज नेहमीचा बीपी-शुगरचा विषय बाजूला ठेवून यावर लिहितो. शुगर नाही, पण सोडियम मात्र मध्ये येणार आहे.

या कल्पनेच्या जवळात जवळचं खरं उदाहरण कुणाचं, असं विचाराल तर बहुतेक जण स्टीफन हॉकिंग यांचं नाव घेतील. व्हीलचेअरमध्ये कलंडलेलं शरीर, समोर संगणक, आणि त्या संगणकातून येणारा सपाट, यंत्रासारखा आवाज. जानेवारी २००१ मध्ये ते मुंबईला आले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी. ८ जानेवारीचा त्यांचा ५९ वा वाढदिवस मुंबईतच साजरा झाला. मी तेव्हा तरुण डॉक्टर होतो. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो पाहून मला भौतिकशास्त्र आठवलं नाही. मनात आलं ते एवढंच, की या आजाराचा रुग्ण इतकी वर्षं जगलाच कसा?

आपल्या मराठी माणसांचं हॉकिंग यांच्याशी एक जुनं नातंही आहे. केंब्रिजला हॉकिंगना खरं तर फ्रेड हॉयल यांच्या हाताखाली पीएचडी करायची होती, पण त्यांना दुसरे मार्गदर्शक मिळाले. आणि हॉयल यांचे विद्यार्थी होते आपले जयंत नारळीकर. १९६४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉयल यांनी आपला आणि नारळीकरांचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा प्रश्नोत्तरांच्या वेळी एक तरुण काठीच्या आधाराने उभा राहिला आणि त्याने त्या गणितातली एक अडचण सगळ्यांसमोर सांगितली. तो हॉकिंग. नारळीकर करत असलेली गणितं त्याने आधी पाहिली होती. काठी हातात होती, कारण आदल्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, त्याला मोटर न्यूरॉन डिसीजचं निदान झालं होतं आणि डॉक्टरांनी साधारण दोन वर्षं दिली होती. नारळीकर सर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. हॉकिंग १४ मार्च २०१८ ला गेले, म्हणजे निदानानंतर ५५ वर्षांनी.

हा आजार नेमका काय ते आधी समजून घ्या. आपला मेंदू हात उचलायचा हुकूम देतो, तो हुकूम दोन टप्प्यांत स्नायूपर्यंत जातो. एक चेतापेशी मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत निरोप आणते, दुसरी मज्जारज्जूतून स्नायूपर्यंत नेते. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये या निरोप्या पेशीच एकेक करून मरतात. स्नायूला निरोप मिळेनासा झाला की तो वाळतो. हाताची पकड जाते, पाय अडखळतो, काहींमध्ये सुरुवातच जिभेपासून आणि गिळण्यापासून होते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. स्पर्श कळतो, डोळ्यांची हालचाल बहुतेकांची टिकते, लघवी-संडासवरचा ताबाही बराच काळ राहतो.

आणि बुद्धी? पुस्तकात पूर्वी लिहायचे की बुद्धी शाबूत राहते. आता आपल्याला माहीत आहे की जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये विचार, वागणूक किंवा निर्णयशक्तीत थोडाफार फरक पडतो, आणि काहींना स्पष्ट स्मृतिभ्रंशासारखा आजार होतो. हॉकिंग यांचं तसं झालं नाही. बहुतेक रुग्ण आजार सुरू झाल्यापासून तीन ते पाच वर्षं जगतात. दहा वर्षांच्या पुढे जाणारे साधारण दहात एक. नातेवाईक मला म्हणतात, “डॉक्टर, तो हॉकिंग जगला ना पंचावन्न वर्षं!” जगला, पण तो अपवाद आहे. त्याच्या नावावर तुम्हाला खोटा धीर देणं मला पटत नाही.

आता त्यांच्या आवाजाची गोष्ट. १९८५ साली हॉकिंग जिनिव्हाला गेले असताना त्यांना न्यूमोनिया झाला. व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. मशिन बंद करायचं का, असं डॉक्टरांनी पत्नी जेन यांना विचारलं. त्यांनी साफ नकार दिला आणि नवऱ्याला केंब्रिजला परत आणलं. तिथे गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवली, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी केली. जीव वाचला, उरलासुरला आवाज गेला. मग काही काळ समोर अक्षरांचा तक्ता धरायचा, योग्य अक्षर आलं की भुवई उचलायची, अशा पद्धतीने बोलणं चालायचं. नंतर अमेरिकेतल्या वॉल्ट वोल्टोश या गृहस्थांनी त्यांना एक संगणक प्रोग्रॅम दिला. वोल्टोश यांच्या सासूबाईंना हाच आजार होता, त्यांच्यासाठी हे काम सुरू झालं होतं. हातातल्या एका बटणाने शब्द निवडायचे आणि यंत्राने ते वाक्य बोलायचं. मिनिटाला जेमतेम १५ शब्द. आपण गप्पा मारताना सहज सव्वाशे-दीडशे बोलतो.

त्या यंत्रातला आवाज मात्र एका दुसऱ्या शास्त्रज्ञाचा होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. अमेरिकेतल्या एमआयटीमधले डेनिस क्लॅट. माणसाच्या बोलण्यात कोणते ध्वनी कसे तयार होतात हे त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासलं आणि यंत्राला बोलायला शिकवलं. नमुना म्हणून स्वतःचाच आवाज वापरला. बायकोच्या आणि मुलीच्या आवाजावरूनही वेगळे आवाज बनवले. हे सगळं करणाऱ्या माणसाला थायरॉइडचा कर्करोग झाला. १९८८ च्या डिसेंबरमध्ये, पन्नासाव्या वर्षी, ते वारले. त्यानंतर तीस वर्षं त्यांचा आवाज कृष्णविवरांवर व्याख्यानं देत जगभर फिरला. मुंबईतही लोकांनी ऐकला तो त्यांचाच आवाज, आणि सभागृहातल्या किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल कुणास ठाऊक!

पुढे जास्त चांगले, इंग्लंडच्या वळणाचे आवाज उपलब्ध झाले, तरी हॉकिंगनी हाच ठेवला. तो त्यांना आपला वाटायला लागला होता. हाताचं बटण दाबणं जमेना तेव्हा चष्म्याला लावलेला सेन्सर गालाची हालचाल टिपू लागला. शेवटी शेवटी वेग मिनिटाला एक-दोन शब्दांवर आला होता. जुनं यंत्र बिघडलं तर काय, या धास्तीने काही अभियंत्यांनी तोच आवाज छोट्या नव्या संगणकावर हुबेहूब उतरवला. जानेवारी २०१८ मध्ये हॉकिंगनी त्याला पसंती दिली. दोन महिन्यांत ते गेले.

आता नीट पाहा. यात मन संगणकात कुठे होतं? कुठेच नव्हतं. संगणक ही त्यांची जीभ होती. विचार सगळा त्या कलंडलेल्या डोक्यात. हाताने समीकरणं लिहिता येत नव्हती म्हणून त्यांनी मनातल्या मनात आकृत्यांमधून गणित सोडवायची सवय लावून घेतली. तो मेंदू थांबला त्या दिवशी यंत्र जागच्या जागी होतं, चालूही होतं, पण नवीन वाक्य आलं नाही. स्वतः हॉकिंग २०१३ मध्ये म्हणाले होते की मेंदूची नक्कल संगणकावर उतरवणं तत्त्वतः शक्य आहे, पण आजच्या आपल्या कुवतीच्या फार पलीकडचं आहे.

किती पलीकडचं? थोडे आकडे देतो, कंटाळा करू नका.

१९८६ साली शास्त्रज्ञांनी एका मिलिमीटरभर लांबीच्या अळीच्या सगळ्या चेतापेशींचा नकाशा पूर्ण केला. एकूण पेशी ३०२. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा आला: सुमारे १ लाख ३९ हजार पेशी आणि त्यांच्यातले ५ कोटींच्या आसपास जोड. आपल्या मेंदूत अंदाजे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्याच वर्षी माणसाच्या मेंदूचा एक घन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान तुकडा, बारकाईने टिपला गेला. त्यात सुमारे ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोड सापडले, आणि ही चित्रं साठवायला १,४०० टेराबाइट जागा लागली. १२८ जीबीचे जवळपास ११ हजार मोबाइल भरतील एवढी. असे बारा लाखांच्या वर तुकडे तुमच्या कवटीत आहेत.

मुद्दा नुसत्या जागेचाही नाही. त्या ३०२ पेशींच्या अळीचा नकाशा हातात येऊन चाळीस वर्षं होत आली, तरी ती अळी अजून संगणकात जिवंत अळीसारखी पूर्णपणे वागवता आलेली नाही. नकाशावरून कोण कुणाला जोडलंय ते कळतं. कोणता जोड घट्ट, कोणता सैल, कोणत्या क्षणी कोणतं रसायन सुटलंय, हे कळत नाही.

हे मला कुठल्या शोधनिबंधाआधी ओपीडीने शिकवलंय. मध्यंतरी सिडको भागातला एक मुलगा आपल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन आला. चार दिवसांपासून आजी सुनेवर चोरीचा आळ घेत होत्या. रात्रभर जाग्या, मधेच वारलेल्या नवऱ्याला हाका मारायच्या, मुलाला ओळखेनात. घरात दोन तट पडले होते. एकाला वाटत होतं वेड लागलं, दुसऱ्याला वाटत होतं बाहेरचं काही आहे, आणि एक नातेवाईक खुलताबादच्या बाजूला कुणाकडे तरी न्यायला रिक्षा बघत होते. मी रक्त तपासलं. सोडियम ११४. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, वर आठवडाभर जुलाब, आणि जेवण नाहीच. दवाखान्यात ठेवून सोडियम हळूहळू वाढवलं. हळूहळूच वाढवावं लागतं, घाईने वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चौथ्या दिवशी सकाळी राउंडला गेलो तर आजी सुनेला सांगत होत्या, “अगं, दवाखान्यातला चहा नको, घरून आण, आलं टाकून.”

त्या चार दिवसांत आजींच्या मेंदूचा नकाशा काढला असता तर तो आधीसारखाच निघाला असता. एक तार इकडची तिकडे झाली नव्हती. बदललं होतं ते मेंदूभोवतीचं मिठाचं पाणी. थायरॉइड कमी असलं तर हसरी बाई मंद, उदास होते आणि घरचे म्हणतात स्वभाव बदलला. बी-१२ कमी असलं की विसराळूपणा येतो, चिडचिड होते. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, हे फार दिसतं. शुगर ५० वर आली की शांत माणूस शिवीगाळ करतो. मन हे फक्त तारांमध्ये असतं तर असं झालं नसतं. मन मूत्रपिंडावर, यकृतावर, आतड्यावर, फुप्फुसातल्या ऑक्सिजनवर उभं आहे. संगणकात नेमकं काय काय उतरवायचं हे आधी ठरवा, मग कसं उतरवायचं ते बघू!

जाता जाता कामाचं सांगून ठेवतो. घरातलं म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं वागायला लागलं, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. सोडियम, साखर, लघवीतला जंतुसंसर्ग, ऑक्सिजन, डोक्याला लागलेला मार आणि नव्याने सुरू झालेली औषधं, एवढं त्याच दिवशी तपासायला हवं. स्मृतिभ्रंश वर्षं घेतो. दोन दिवसांत झालेला गोंधळ बहुतेक वेळा शरीराच्या आजाराने झालेला असतो आणि पुष्कळदा तो बरा होतो.

आता त्या सरांबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पैठण तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बोलताना जीभ जड व्हायला लागली. गावात आधी कुजबुज झाली की सर निवृत्तीनंतर प्यायला लागले. आयुष्यभर सुपारीलाही न शिवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. माझ्याकडे आले तेव्हा जीभ बारीक झाली होती आणि तोंडात स्थिर असतानाही तिच्यात वळवळ दिसत होती. न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, निदान पक्कं झालं. सरांना सगळं समजलं होतं. हॉकिंग यांच्याबद्दल त्यांनी दहावीच्या कितीतरी वर्गांना सांगितलं होतं. त्यांनी वहीत लिहून मला विचारलं, “हॉकिंगसारखं मशिन मिळेल?”

मिळालं, जरा वेगळ्या रूपात. निवृत्तीच्या निरोप समारंभात सर चाळीस मिनिटं बोलले होते आणि कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. पुण्याला संगणकाचं काम करणाऱ्या भाच्याने त्या रेकॉर्डिंगवरून आवाज तयार केला. ‘ळ’ आणि ‘ण’ नीट येत नसत, पण आवाज सरांचा होता. टाइप केलं की लॅपटॉप बोलायचा. पहिलं वाक्य सरांनी पत्नीसाठी टाइप केलं: “गॅसचा नंबर लावला का?” त्या माउली उत्तर न देता आत निघून गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

पुढे बोटं थांबली तेव्हा नातीने पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली. आपली वर्णमाला यासाठी फार सोयीची आहे बरं का! क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग अशा ओळी आधीच लावलेल्या आहेत. आधी ओळ विचारायची, डोळे मिटले की त्या ओळीतली अक्षरं एकेक. मात्रा सोडून द्यायच्या. ‘पन’ म्हणजे ‘पण’ की ‘पाणी’, हे घरच्यांना लगेच कळतं. खर्च शून्य, वीज गेली तरी चालतं.

सर गेल्यानंतर महिना-दीड महिन्याने त्यांची मुलगी आली. लॅपटॉप होता, आवाज होता, सरांच्या चाळीस वर्षांच्या वह्या होत्या, मेसेज होते. तिने वाचलं होतं की हे सगळं एआयला दिलं तर तो त्या माणसासारखी उत्तरं देतो. “करून बघू का, डॉक्टर? आईला बरं वाटेल. सर आहेत असं वाटेल.” तीही वडिलांना सरच म्हणायची.

मी तिला मला वाटतं ते सांगितलं. तो प्रोग्रॅम वह्यांमधल्या शब्दांवरून पुढचे संभाव्य शब्द जुळवेल. उत्तरं खरी वाटतील, कधी कधी फार खरी वाटतील. पण त्या उत्तरामागे सर नसतील. सरांनी कधी न दिलेला सल्ला त्यांच्या आवाजात ऐकू येईल आणि आई तो मानेल. दुःख ओसरायला माणूस गेल्याचं पटावं लागतं, आणि रोज संध्याकाळी तो लॅपटॉपमधून बोलत असेल तर ते पटायला जड जाईल. सगळ्यांनाच असा त्रास होईल असं मी म्हणणार नाही, काहींना आधारही वाटत असेल. म्हणून म्हटलं, आधी आईला विचार.

आईंचं उत्तर तिने मला फोनवर सांगितलं. “ते जे बोललेच नाहीत, ते त्यांच्या तोंडात कशाला घालता? जे बोलले ते लावा की.” मग निरोप समारंभाचं भाषण आणि सरांनी स्वतः टाइप केलेली वाक्यं, एवढं ठेवलं. गॅसच्या नंबराचंही ठेवलं. भाच्याने आवाज बनवायचा प्रोग्रॅम काढून टाकला.

हॉकिंग यांच्या बाबतीतही तसंच काहीसं झालं. १५ जून २०१८ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांच्या अस्थी पुरल्या, त्या दिवशी युरोपच्या अवकाश संस्थेने त्यांचा आवाज संगीतासह एका कृष्णविवराच्या दिशेने पाठवला. शब्द त्यांचे स्वतःचे होते.

इंग्लंडमध्येच पीटर स्कॉट-मॉर्गन नावाचे रोबोटशास्त्रज्ञ होते. २०१७ मध्ये हाच आजार निघाला. ठसका लागून न्यूमोनिया होऊ नये म्हणून त्यांनी स्वरयंत्र काढून टाकायचं ठरवलं, त्याआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवला आणि पडद्यावर बोलणारा स्वतःचा चेहराही तयार करून घेतला. अर्धा माणूस अर्धं यंत्र होण्याची भाषा ते उघडपणे बोलत. जून २०२२ मध्ये ते गेले. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी याच आजाराच्या एका ४५ वर्षांच्या रुग्णाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले. तो बोलायचा प्रयत्न करतो, यंत्र ते शब्द ओळखतं, १०० पैकी ९७ बरोबर, आणि त्याच्या आजारापूर्वीच्या आवाजात उच्चारतं. हे मला सिनेमातल्या सगळ्या चमत्कारांपेक्षा मोठं वाटतं, कारण यात बोलणारा माणूस जिवंत आहे आणि शब्द त्याचेच आहेत. आपल्याकडे यायला वेळ लागेल, आणि आलं तरी सुरुवातीला महाग असेल.

तोपर्यंत जे आज आपल्या हातात आहे ते करू या. मोटर न्यूरॉन डिसीजचं निदान झालं, किंवा घशाच्या कर्करोगासाठी स्वरयंत्र काढायचं ठरलं (तंबाखू-गुटख्यामुळे असे रुग्ण आपल्या मराठवाड्यात कमी नाहीत), तर आवाज चांगला असतानाच रेकॉर्डिंग करा. “बघू, अजून बरं आहे” म्हणत थांबू नका. शांत खोली, पंखा बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब. रोज वीस मिनिटं वर्तमानपत्र वाचलं तरी पुरे. त्या आवाजाचं पुढे काय करायचं, कुणी वापरायचा, कुणी नाही, हे त्या माणसालाच विचारून लिहून ठेवा. सोबत व्हेंटिलेटर आणि पोटातल्या नळीबद्दलही विचारा. जेन हॉकिंगना जे एका रात्रीत ठरवावं लागलं, ते तुमच्या घरच्यांवर येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

आणि आवाजाचा गैरफायदा घेणारेही आहेत. मुलाच्या किंवा नातवाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आला, तर आधी फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा.

रेकॉर्डिंगमध्ये नुसतं वाचन नको. घरातल्या सगळ्यांना हाका मारायला सांगा, टोपणनावांसकट. शेजाऱ्याशी चाललेला वाद, देवघरातलं पुटपुटणं, नातवाला रागावणं, आणि हसणं. हसणं विसरतात लोक. ते यंत्राला अजून नीट जमत नाही.